रविवारनंतरची सेवा

रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहतात. बाहेर पडताना लोक हात मिळवतात, सलाम करतात. "काय, बरं आहे ना?" "प्रभूची कृपा." मग पुढचा हात. ज्या आईचा मुलगा तीन दिवस घरी आलेला नाही, ती हेच उत्तर देते. ज्याची नोकरी गेली आहे आणि ज्याने घरात अजून सांगितलेलं नाही, तोही हेच म्हणतो. दारातल्या गर्दीत दुसरं काही बोलायची सोयच नसते. म्हणून मंडळीची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने, मग ते पाळक असोत, पंच असोत, महिला संघाच्या कार्यकर्त्या असोत की संडे स्कूलच्या शिक्षिका, एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. या उत्तरामागे काय आहे, हे आपल्याला कधी आणि कुठे कळणार आहे?

इथली उदाहरणं महाराष्ट्रातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांतली आहेत, कारण माझा वावर तिथला. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामात पाळकाच्या जागी फादर असतील आणि पंचांच्या जागी आणखी कुणी. पण दुखणं, मरण, व्यसन, कर्ज आणि एकटेपणा दोन्हीकडे सारखेच येतात.

"ते पाळक फार प्रेमळ होते हो," असं आपण जुन्या पाळकांबद्दल बोलतो. त्यांची बदली झाली की ते प्रेमही त्यांच्या सामानाबरोबर टेम्पोत चढतं, आणि मंडळी पुन्हा पोरकी होते. माझं म्हणणं असं आहे की करुणा कुणा एकाच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. तिच्यासाठी वही ठेवावी लागते, वार ठरवावे लागतात, घरं वाटून घ्यावी लागतात. कुणाला हे फार कारकुनी वाटेल. पण ज्या घराकडे वर्षभर कुणी फिरकलं नाही, त्या घराला पाळकांचं मन किती मोठं आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही.

वहीतली नावं

यहेज्केलाच्या ३४व्या अध्यायात देव इस्राएलाच्या मेंढपाळांना जाब विचारतो. तो अध्याय हातात वही घेऊन वाचावा. उपदेश कमी पडला अशी तक्रार तिथे नाही. दुबळ्यांना उभारी मिळाली नाही, आजाऱ्यांकडे पाहिलं गेलं नाही, जखमींना पट्टी बांधली गेली नाही, भरकटलेल्यांना कुणी माघारी आणलं नाही, हरवलेल्यांना कुणी शोधलं नाही, अशी ती तक्रार आहे. वर सत्ता मात्र कडकपणे गाजवली गेली. या पाच कामांसाठी वहीची पाच पानं करा आणि प्रत्येक पानावर आपल्या मंडळीतली नावं लिहा. पहिली चारपाच नावं भरभर सुचतात. त्यानंतर पेन थांबतं, आणि खरं काम तिथून पुढे असतं. ज्यांची नावं चटकन आठवत नाहीत तेच बहुधा हरवलेल्यांच्या पानावरचे असतात.

नावं शोधायची एक सोपी रीत आहे. मंडळीचं सभासद रजिस्टर घ्या आणि लागोपाठ तीन रविवार न दिसलेल्या घरांवर खूण करा. हे काम एकट्या पाळकांनी करू नये. दाराजवळ बसणारे सेवक, गायनमंडळातली मुलं, संडे स्कूलच्या बाई यांना पाळकांपेक्षा जास्त दिसतं. संडे स्कूलच्या बाईंना तर मुलाच्या डब्यावरून घरची हालत कळते.

कुटुंबांच्या भेटीला वार नेमण्याची रीत जुनी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. त्यांच्या मंडळीत आठशेच्या वर कुटुंबं होती. ते आणि त्यांचे सहकारी सोमवार-मंगळवार हे दोन दिवस कुटुंबांशी बोलण्यासाठीच राखून ठेवत आणि वर्षभरात सगळ्या गावाशी बोलणं पुरं करत. १६५६ साली पाळकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी नोंदवलंय, की दहा वर्षं उपदेश ऐकून ज्यांच्या पदरात काही पडलं नव्हतं, त्यांना समोरासमोरच्या अर्ध्या तासात जास्त मिळालं. बॅक्स्टर तब्येतीने सदा आजारी असत, तरी हा क्रम त्यांनी चालवला.

आपल्याकडे एका पाळकाकडे चारचार गावं असतात आणि मोटरसायकलच्या पेट्रोलचा प्रश्न असतो. मग घरं वाटून द्या. दर पंचाकडे आठदहा घरं, महिला संघातल्या प्रत्येक जोडीकडे आठदहा. पाळकांनी महिन्यातून एकदा या सगळ्यांशी बसावं आणि जिथे स्वतः जाणं गरजेचं आहे तिथे जावं. अरण्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलेल्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच सुचवलं होतं. दहादहा, पन्नासपन्नास माणसांवर एकेक जण नेमायला त्याने सांगितलं, आणि मोशेने ते ऐकलं. देवाशी बोलणाऱ्या माणसाने सासऱ्याचा व्यवहारी सल्ला मानला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

वेळ लोकांच्या सोयीची धरा. दिवाळीच्या सुमाराला बीड-पाथर्डीकडची घरं ऊसतोडीला निघून जातात आणि मागे म्हातारी माणसं व शाळेतली मुलं राहतात. त्या चारपाच महिन्यांत भेटीची खरी गरज त्या म्हाताऱ्यांना असते. कारखान्याच्या तळावर गेलेल्यांना निदान रविवारी संध्याकाळी फोन करावा. पुण्या-मुंबईच्या मंडळीत नवराबायको रात्री आठनंतर घरी येतात. तिथे आधी फोन करून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये.

उंबऱ्याच्या आत

घरभेटीला जाताना पावतीपुस्तक सोबत नेऊ नका. वर्गणी, दशांश, इमारत निधी हे विषय त्या दिवशी घरी ठेवून जा. गरीब घरातली माणसं पाळकांच्या हातातल्या पिशवीकडे आधी पाहतात, आणि पावतीपुस्तक दिसलं की दाराआडचा आवाज बदलतो. निधी मागायला दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं गेलेली बरी.

एकट्या बाईच्या घरी पुरुषाने एकट्याने जाऊ नये. पाळकबाईंना किंवा महिला संघातल्या कुणाला बरोबर घ्यावं. यात दोघांचीही अब्रू सांभाळली जाते, शिवाय काही गोष्टी बाई बाईलाच सांगते. बसायला जिथे सांगतील तिथे बसा. पलंगावर, चटईवर, उंबऱ्यावर, कुठेही. फोन खिशात राहू द्या. मुलांची नावं विचारा आणि पुढच्या वेळी ती लक्षात ठेवून जा. चहा ज्या घरचा चांगला त्या घरी पाय आपोआप वळतात, हे ध्यानात ठेवा. ज्या घरी बसायला जागा नाही, जिथे दारूचा वास येतो, जिथे मंडळीच्या गेल्या निवडणुकीत तुमच्या विरोधात मत पडलं, त्या घरांची पाळी वहीत आधी लावा.

प्रार्थना करण्याआधी विचारा, "कशासाठी प्रार्थना करू?" आणि मग त्यासाठीच करा. हे साधं आहे, पण फार ठिकाणी घडत नाही. बाईने मुलीच्या परीक्षेचं सांगितलेलं असतं, आणि प्रार्थना मात्र सर्व जगाच्या शांतीपासून सुरू होऊन आमेनपर्यंत परीक्षेला शिवतच नाही. आपलं म्हणणं कुणी नीट ऐकून देवापुढे त्याच शब्दांत मांडलं, की माणसाच्या अंगावरचं ओझं उतरल्याचं चेहऱ्यावर दिसतं.

ऐकण्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मी एवढंच म्हणेन की समोरच्याने वाक्य अर्धं सोडलं तर ते पुरं करायला धावू नका. "सासूबाईंचं म्हणजे..." असं म्हणून ती थांबली, तर थांबू द्या. पुढचं वाक्य यायला वेळ लागतो. आपल्या घरातलं तसंच उदाहरण सांगायचा मोह आवरा. आपली हकीकत सुरू झाली की त्यांची बंद होते.

मरण आलेल्या घरी

ईयोबाचे तीन मित्र बदनाम आहेत. पण त्यांनी सुरुवातीला एक गोष्ट फार चांगली केली. ते आपापल्या गावांहून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी अवाक्षर काढलं नाही. बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केल्यावर.

आपल्याकडे कारणं अंत्ययात्रेतच सुरू होतात. "देवाची इच्छा." "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." "अजून वय आहे, दुसरं मूल होईल." "प्रार्थना कमी पडली असेल." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. काहीतरी बोललं पाहिजे, या घाईतून ते तोंडून जातं. पण मूल गमावलेल्या आईला यातलं प्रत्येक वाक्य पुढे कित्येक वर्षं आठवत राहतं, बोलणाऱ्याच्या नावासकट. काय बोलावं सुचत नसेल तर गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा आणि बसा. पुनरुत्थानाची आशा आपल्या विश्वासाचा कणा आहे, ती सांगायचीच आहे. कबरेशी ती सांगितलीही जाते. पण घरात रडणाऱ्या माणसाला गप्प करण्यासाठी तिचा वापर करू नये. मार्थेला पुनरुत्थानाबद्दल सांगणारा येशू त्यानंतर मरीयेला रडताना पाहून स्वतः रडला, आणि तेही लाजराला तो उठवणार होता हे माहीत असताना.

पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. डबे येतात, संध्याकाळी उपासना होते, पाहुणे मुक्कामाला असतात. खरी पोकळी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते, आणि नेमकं तेव्हा कुणी येत नाही. म्हणून वहीत चार तारखा आगाऊ लिहून ठेवा. एक महिना, तीन महिने, पहिला नाताळ आणि वर्ष. नाताळच्या रात्री गायनमंडळ घरोघरी जातं, तेव्हा ज्या घरी त्या वर्षी मयत झाली तिथे आधी विचारून जावं. काहींना गाणं हवं असतं, काहींना तो आवाज सोसत नाही.

आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ पाळकांबरोबर अशाच चौथ्या आठवड्यातल्या भेटीला गेल्याचं मला आठवतं. नवरा एस.टी.त होता, सेवानिवृत्त झालेला. फळीवर स्टीलचा डबा होता आणि त्यात त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या, चष्मा आणि पासबुक असं सगळं एकत्र ठेवलेलं. बाईंनी तो डबा पाळकसाहेबांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, मला कळत नाही." बाईंना वाटलं असेल की साहेब पवित्र शास्त्र उघडतील. साहेबांनी डबा उघडला. कुटुंबपेन्शनचा फॉर्म बाहेर काढला, आपला चष्मा लावून सगळा मोठ्याने वाचला, आणि पेनाने एकेक रकाना बाईंना विचारत भरू लागले. जन्मतारीख, लग्नाची तारीख, खाते क्रमांक. लग्नाची तारीख विचारल्यावर बाईंना हसू आलं, मग रडू आलं, आणि त्या लग्नाच्या दिवसाबद्दल बोलू लागल्या. पेन थांबलं. फॉर्म त्या दिवशी अर्धाच भरला गेला. मग ते म्हणाले, "बाकीचं मंगळवारी. मी दहा वाजता येतो, आपण बँकेत बरोबर जाऊ." गोळ्यांच्या पट्ट्यांबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नाही. मंगळवारी ते गेले.

कोविडच्या काळात गेलेल्यांबद्दलही एक सांगायचं आहे. त्या वेळी अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, आणि कित्येकांना तर घरच्या माणसाचा चेहराही दिसला नाही. त्या घरांतलं रडणं अर्धं राहून गेलं. आजही त्यांना विचारून, घरी किंवा चर्चमध्ये, त्या माणसाच्या नावाने स्मरण उपासना घेता येते. वेळ उलटून गेली असं समजू नका.

आत्महत्या झालेल्या घरी तर पाळकांनी सर्वांत आधी पोहोचावं, आणि दफनाच्या वेळी कुणाच्याही तोंडून निवाडा निघणार नाही याची जबाबदारी स्वतःवर घ्यावी.

दवाखाना, गोळ्या आणि पैसा

आजाऱ्याची भेट दहा मिनिटांची असावी. खाटेवर बसू नये, हळू बोलावं, नर्सना आधी विचारावं. रोग्यापेक्षा दमलेला त्याच्याजवळ रात्र काढणारा माणूस असतो. त्याला "तुम्ही घरी जाऊन झोपा, आज रात्री आमच्यातला एक इथे बसेल" असं सांगणारी मंडळी मला मोठ्या प्रार्थनासभांपेक्षा जास्त आवडते.

रुग्णाला बरं करण्यासाठी अभ्यंग करून प्रार्थना करणं ही मंडळीची जुनी रीत आहे, ती अवश्य पाळा. पण प्रार्थनेनंतर "आता गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" असं कुणीही म्हणू नये. इन्सुलिन, टीबीचा कोर्स, फिटच्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या मध्येच थांबल्या तर माणूस जाऊ शकतो किंवा कायमचा बिघडू शकतो. तुमच्या मंडळीत कुणी पाहुणा वक्ता असं सांगून गेला असेल, तर त्या आठवड्यात घरोघरी जाऊन ते निस्तरणं हे पाळकांचं काम आहे. देव औषधातूनही बरं करतो, हे मिरजेला १८९४ साली दवाखाना काढणाऱ्या वॉनलेस साहेबांच्या परंपरेतल्या मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळं सांगावं लागू नये.

मनाच्या आजाराला सैतानाची बाधा म्हणून मोकळं होऊ नका. एलीया थकून, मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. खडसावणं नव्हतं. देवाशी बोलणं त्यानंतर, पुष्कळ चालून गेल्यावर झालं. "जगावंसं वाटत नाही" असं कुणी म्हणालं, तर घाबरून विषय बदलू नका. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने कल्पना सुचते, ही भीती खोटी आहे. उत्तर "हो" असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः बरोबर जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, आणि मराठीत बोलता येतं.

खर्चाच्या बाबतीत मंडळीतल्या एकाने तरी माहितगार व्हावं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार वेळेवर नसल्याने लोक सावकाराकडे जातात. तरुण संघातल्या दोन मुलांनी मंडळीतल्या गरीब घरांची ही कागदपत्रं आजार येण्याआधीच नीट करून दिली, तर ती मोठी पाळकीय सेवा आहे.

पैशाची मदत करताना ती कुणाला दिली हे दोनच माणसांना ठाऊक असावं. स्टेजवर बोलावून धान्याची पिशवी देऊ नका आणि फोटो काढू नका. शक्य तिथे मदतीबरोबर पुढच्या कमाईची वाटही बघा. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवांना आणलं आणि केडगावला त्यांची व्यवस्था केली. पोटाला अन्न दिल्यावर त्या थांबल्या नाहीत. शिक्षण आलं, शेती आली, विणकाम आलं, पुढे छापखाना आला. आंधळ्या बायकांनाही त्यांनी वाचायला शिकवलं. तुमच्या मंडळीतल्या विधवेला दर महिन्याला पाचशे रुपये देण्यापेक्षा एकदा शिलाई मशीन आणि गिऱ्हाईकं मिळवून देणं जास्त कामाचं ठरतं का, याचा तिच्याशी बसून विचार करा. तिला मशीन नको असेल तर तेही ऐका.

जे सांगायचं नाही, आणि जे सांगावंच लागतं

आपल्या मंडळ्यांत गुपित फुटतं ते बहुधा प्रार्थनेतून. "अमक्या बहिणीच्या घरातल्या प्रश्नासाठी प्रार्थना करू या" एवढं म्हटलं की दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर सगळा प्रश्न तपशिलासकट फिरतो. ज्याची गोष्ट त्याची परवानगी घेतल्याशिवाय कुणाचं नाव प्रार्थनेत घेऊ नका. उपदेशात उदाहरण म्हणून तर मुळीच नको, नाव गाळूनही नको. गाव लहान असतं, लोक ओळखतात. पाळकांनी घरी पत्नीलाही सगळं सांगू नये. त्यांच्यावर ते ओझं टाकणं अन्याय आहे.

पण गुप्ततेला मर्यादा आहे आणि ती बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगावी. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी शंका आली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. अत्याचार करणारा मंडळीतलाच असेल, पंच असेल, संडे स्कूलचा शिक्षक असेल किंवा पाळक असेल, तरी हाच नियम. "मंडळीचं नाव जाईल, आपसात मिटवू" असं सुचवणाऱ्याला बैठकीतच थांबवा. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे. त्या मुलाला पुन्हा पुन्हा हकीकत सांगायला लावू नका.

मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल" असं सांगून परत पाठवणं फार घडतं. लग्नाचं पावित्र्य आपण मानतोच. पण तिचा जीव धोक्यात असताना तिला त्या घरात ढकलण्याचा अधिकार कुणाही पाळकाला नाही. आधी ती आणि मुलं सुरक्षित जागी असावीत. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५चा आहे, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. नवऱ्याशी बोलणं नंतर, वेगळं, आणि दारूचा प्रश्न असेल तर व्यसनमुक्तीच्या उपचारांसह. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायची घाई केली, तर ती बाई त्याच्यासमोर खरं बोलणार नाही आणि त्या रात्री पुन्हा मार खाईल.

कमिटीच्या टेबलावर

पुढारीपण कनवाळू आहे की नाही, याची परीक्षा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत होते. विषयपत्रिकेवर जमीन, भाडेकरू, रंगकाम आणि मागचा हिशेब असतो, माणसं नसतात. पहिली पंधरा मिनिटं वहीतल्या नावांना द्या. या महिन्यात कुणाकडे कोण गेलं, कुठे कुणी गेलं नाही, एवढंच. हिशेब त्यानंतर.

तक्रार आली की ती करणाऱ्याचा हेतू तपासत बसू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी "कुरकुर करू नका" असा संदेश दिला नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितलं. निवडलेल्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती त्यांनी वाटपाचं काम सोपवलं. आपल्या मंडळीत कुठल्या वाड्याला, कुठल्या जुन्या मिशनच्या घराण्याला सतत मागच्या बाकावर बसावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्यातले दोन जण पुढच्या कमिटीत घेतल्याने त्यांच्याशी जेवढा समेट होईल, तेवढा दहा उपदेशांनी व्हायचा नाही.

चुकलेल्या माणसाशी एकट्याने, आधी, त्याच्याकडे जाऊन बोलावं, असं मत्तयाच्या १८व्या अध्यायात आहे. आपण नेमकं उलट करतो आणि आधी बैठक बोलावतो. आणि परत येणाऱ्याशी कसं वागावं हे पाहायचं तर योहानाच्या शेवटच्या अध्यायाकडे जावं. ज्या पेत्राने शेकोटीशी उभं राहून आपल्या गुरूला ओळखत नाही म्हटलं, त्याच्यासाठी येशूने किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे भाजले. आधी न्याहारी झाली. प्रश्न नंतर विचारले, तेही टोचणारे, तीन वेळा. आणि प्रत्येक उत्तराला त्याच्या हाती काम दिलं. क्षमा केली आणि कोपऱ्यात बसवलं, असं तिथे झालेलं नाही. व्यसनातून बाहेर आलेल्या, तुरुंगातून सुटलेल्या किंवा घर मोडलेल्या माणसाला परत आल्यावर काहीतरी काम द्या. मात्र ज्याने पैसा खाल्ला त्याच्या हाती खजिना, आणि ज्याने लेकरांना त्रास दिला त्याच्या हाती लेकरं पुन्हा देऊ नका. त्याला दुसरं काम आहे.

पाळकांच्या घराकडेही पाहा

हा भाग मंडळीसाठी. पाळकांना आठवड्यातला एक दिवस सुट्टी द्या, बहुतेक ठिकाणी तो सोमवार असतो. रात्री दहानंतर मरण, अपघात आणि अत्यंत निकडीशिवाय फोन करू नका. पाळकबाईंची सेवा गृहीत धरू नका. त्यांना पगार नसतो, पण कामाची अपेक्षा सगळ्यांची असते. पाळकांच्या मुलांना आदर्श मुलं म्हणून पुढे उभं करू नका. बदलीच्या नोकरीत ती मुलं शाळा आणि मित्र दर काही वर्षांनी सोडतात. पाळकांना मनातलं बोलायला मंडळीबाहेरचा एखादा ज्येष्ठ सहकारी असावा, आणि त्याला भेटायला जायचा बसचा खर्च कमिटीने आनंदाने द्यावा. शिष्य सेवेहून थकून आले, जेवायलाही त्यांना सवड मिळत नव्हती, तेव्हा येशूने त्यांना एकांतात विसाव्याला बोलावलं. मार्काने ही नोंद करून ठेवली आहे ती वाचायला, आणि तशी सवड द्यायला.

बदलीचा आदेश आला की निरोपसमारंभाची तयारी सुरू होते. त्याच आठवड्यात नव्या पाळकांसाठी वही तयार करायला घ्या. कुठल्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, कुठे डायलिसिस चालू आहे, कोणत्या महिन्यात कुणाच्या गेलेल्या मुलाचा स्मरणदिन येतो, कोण तीन वर्षांनी नुकतं परत येऊ लागलं आहे. गुप्तपणे सांगितलेलं त्यात लिहू नका. बाकीचं लिहिण्याआधीही त्या त्या घरी जाऊन विचारा, "नव्या साहेबांना हे सांगू का?" काही जण "नको, मीच सांगेन" म्हणतील, त्यांचं नाव आणि घराचा पत्ता तेवढा लिहा. आणि शेवटच्या आठवड्यात नवे पाळक लवकर येऊ शकत असतील, तर या घरांपैकी निदान पाचसहा ठिकाणी त्यांना स्वतः घेऊन जा.